बेथलेहेमच्या रांगेत

नाताळला बेथलेहेमला जायचं हे आमच्या वसईत बऱ्याच घरांमधलं स्वप्न असतं, माझ्या आईचंही होतं. ती 2019 च्या उपवासकाळात वारली आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये, तिने यात्रेसाठी म्हणून बाजूला टाकलेल्या पैशातून मी गेले. सगळ्यांना वाटलं भक्तीने चाललीय. पण आई गेल्यापासून माझ्याकडून एक जपमाळ धड पूर्ण झालेली नव्हती. मिस्साला, म्हणजे चर्चमधल्या उपासनेला जायचे, सगळ्यांबरोबर उठायचे बसायचे, तोंडाने उत्तरंही द्यायचे, आत काहीच हलायचं नाही. आई पॅरालिसिसने अंथरुणाला खिळली होती, शेवटी शेवटी तर मला ओळखतही नव्हती, आणि मला देवाला एवढंच विचारायचं होतं की जिने आयुष्यभर पहाटेची मिस्सा चुकवली नाही त्या बाईला तू असं का ठेवलंस.

अम्मान, नेबोचा डोंगर, गालीलचा समुद्र, नाझरेथ, हे सगळं बसच्या काचेतून आणि घाईघाईत झालं. छान होतं, फोटो आहेत.

24 तारखेला बेथलेहेमच्या मेंजर स्क्वेअरमध्ये, म्हणजे चर्चसमोरच्या चौकात, सकाळपासून नुसती गर्दी. पॅलेस्टिनी स्काऊटची पोरं बॅगपाइप आणि ड्रम वाजवत एकामागून एक पथकं घेऊन येत होती (इंग्रजांच्या काळापासून चालत आलेली पद्धत), मग दुपारी जेरुसलेमहून तिथल्या कॅथलिकांचे तेव्हाचे प्रमुख आर्चबिशप पित्साबाल्ला मिरवणुकीने आले. चौकाच्या एका बाजूला चर्च, समोर उमरची मशीद, आणि मधल्या त्या मोठ्या ख्रिसमस ट्रीखाली हिजाब घातलेल्या मुली सेल्फी काढतायत, ते बघून बरं वाटलं. मध्यरात्रीच्या मिस्साचे पास मात्र आमच्या ग्रुपला मोजकेच मिळाले होते, ते म्हाताऱ्या माणसांना दिले, ते योग्यच झालं, आणि बाकीचे आम्ही बाहेर स्क्रीनसमोर थंडीत उभे. दहा शेकेलला दालचिनी घातलेलं गरम साहलाब (दुधाचं दाट पेय) घेतलं हातात. स्पीकर इतके मोठे की शेजारच्याशी बोलता येईना, मिस्साच्या मधेच लोक व्हिडिओ कॉल लावून घरच्यांना चौक दाखवत होते. मला रडायला येत होतं, भक्तीने नाही, रागाने. एवढ्या लांब येऊन पण माझ्यासाठी आत जागा नाही असं वाटत राहिलं.

दुसऱ्या दिवशी, म्हणजे नाताळच्या सकाळी, टूरवाल्यांनी ग्रुपला शॉपिंगला नेलं, ऑलिव्हच्या लाकडाच्या मूर्तींच्या दुकानात. मी फादरांना सांगितलं मी येत नाही, मला येशूच्या जन्माच्या गुहेत जायचंय. ते म्हणाले जा बाय, पण जेवणाच्या वेळेपर्यंत हॉटेलवर ये.

ही गुहा चर्चच्या खालीच आहे. चर्चचा दरवाजा इतका बुटका की कमरेत वाकूनच आत शिरावं लागतं. आत मात्र एकदम उंच, मोकळं, लालसर दगडाचे खांब, त्यांच्यावर क्रुसेडच्या काळात रंगवलेले पुसट संत. नुकतीच दुरुस्ती झालेली होती. भिंतीवर वर सोनेरी मोझेकमध्ये देवदूत आहेत, सगळे गुहेच्या दिशेला चाललेले, त्यातला सातवा देवदूत म्हणे गिलाव्याखाली गाडला गेला होता, तो या दुरुस्तीत सापडला. रांग हलतच नव्हती त्यामुळे मी त्या देवदूतांकडे बघत उभी होते, तेवढ्यात पुढची बाई वळून म्हणाली, इंडियन?

मंगळूरकडची होती. जेरुसलेममध्ये केअरगिव्हर म्हणून काम करते, एका पार अंथरुणाला खिळलेल्या यहुदी आजोबांकडे. तिथे आपल्याकडच्या अशा खूप बायका आहेत, केरळच्या तर पुष्कळच. नाताळची सुट्टी मागून घेतली होती तिने आणि दमास्कस गेटवरून 231 नंबरची बस पकडून आली होती. तिची कोंकणी, माझी मराठी, हळू बोललं की दोघींना कळायचं, अडलं की हिंदी. तिने विचारलं घरी कोण कोण, आणि मी आईचं सांगितलं. सांगायला लागले आणि थांबताच येईना, कूस कशी बदलायचे, पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून रात्री दोन दोन तासांनी कशी उठायचे, पेज भरवताना ती गिळायची विसरायची तर गळ्यावरून हात फिरवायचे. लोक सांत्वनाला येतात ना, ते हे कधी विचारत नाहीत. त्यांना आई किती सोशिक होती एवढंच ऐकायचं असतं. ही बाई मात्र मधेमधे विचारत होती, एकटीच उचलायचीस का, चादरीने सरकवायचीस का, डायपर बदलताना ती हात धरायची का तुझा. धरायची, मी म्हटलं, घट्ट धरायची. आमचे आजोबा पण धरतात, ती म्हणाली.

मग थोडा वेळ गेला, रांग दोन पावलं सरकली, आणि ती म्हणाली, मी आजोबांचं करते ना, तेव्हा रोज मला मरियाबाय आठवते. तिलापण हेच काम होतं. देवाचं सगळं हातानेच करावं लागलं तिला, धुणं पुसणं भरवणं.

मी लहानपणापासून नाताळला गोठा बांधत आलेय. पेंढा आणायचा, गव्हाणीत बाळ ठेवायचं. लूकच्या शुभवर्तमानात देवदूत मेंढपाळांना खूण सांगतो, की बाळंत्यात गुंडाळून गव्हाणीत ठेवलेलं बालक तुम्हाला सापडेल, हे दरवर्षी ऐकलंय. पण खूण म्हणून काय दिलंय याकडे माझं लक्षच गेलं नव्हतं कधी. तेज नाही, सिंहासन नाही. कपड्यात गुंडाळलेला एक जीव, ज्याला मानही धरता येत नाही, ज्याचं सगळं दुसऱ्याने करायचं. मी इतके महिने वर बघून भांडत होते की तू तिथे बसून माझ्या आईला असं कसं ठेवलंस. आणि इथे दोन हजार वर्षं लोक ज्या जागेला गुडघे टेकतायत तिथे तो वर नव्हताच, तो तिच्यासारखा होता, भरवून घेणारा, हात घट्ट धरणारा. माझ्या आईच्या खाटेवर तो होता. मी त्यालाच पुसत होते आणि त्यालाच विचारत होते तू कुठायस.

हे असं शब्दांत आता लिहितेय, तेव्हा नुसतं पायातलं बळ गेलं. त्या बाईने दंड धरला माझा.

गुहेत उतरायच्या पायऱ्या गोल आणि झिजून गुळगुळीत झालेल्या आहेत. खाली धूर, मेणाचा वास, अरुंद जागा. संगमरवरी फरशीत जन्माच्या जागेची खूण म्हणून चौदा टोकांचा चांदीचा तारा, वर पंधरा दिवे, ग्रीक ऑर्थोडॉक्सांचे सहा, आर्मेनियनांचे पाच, आपल्या कॅथलिकांचे चार, यावरूनसुद्धा इथे शतकानुशतकं भांडणं झालीत. ताऱ्यापाशी डोकं टेकवायला कसेबसे काही सेकंद मिळतात, मागून यल्ला यल्ला (चला, चला) चालूच. पण समोरच दोन-तीन पायऱ्या खाली गव्हाणीची वेदी आहे, तिथे फारसं कोणी थांबत नव्हतं. आम्ही दोघी तिथे भिंतीला टेकून उभ्या राहिलो आणि तिने कोंकणीत, मी मराठीत, नमो मरिये म्हटलं, पूर्ण दशक, म्हणजे जपमाळेचे दहा मणी म्हटलं. प्रत्येक मण्याला मला आईचा हात आठवत होता आणि पहिल्यांदाच त्या आठवणीने राग आला नाही.

बाहेर आल्यावर तिने घड्याळ बघितलं, आजोबांच्या संध्याकाळच्या औषधाआधी पोचायचं होतं. वाटेत इस्रायली चेकपॉइंटला किती वेळ जाईल सांगता येत नाही. पर्समधून केकचा तुकडा काढून माझ्या हातात ठेवला आणि गेली. नाव विचारलं होतं, इथे लिहीत नाही.

दुपारी ग्रुपबरोबर जवळच्या बेत साहूरला मेंढपाळांच्या कुरणात गेलो, तिथे आमच्या लोकांनी टाळ्या वाजवत मराठी गाणी म्हटली आणि मी सगळ्यात मोठ्याने गायले.

आता वसईतून, पुण्यातून, कुठूनही जे जाणार असतील त्यांना कळकळीने सांगते. बहुतेक टूरवाले बेथलेहेमला अर्धा दिवस देतात आणि त्यातलाही मोठा भाग दुकानात जातो, मला याचा अजून राग आहे. पैसे भरायच्या आधीच फादरांना सांगा, टूरवाल्यांना लेखी विचारा, गुहेसाठी एक सबंध सकाळ मोकळी हवी म्हणून. मूर्ती घ्यायच्याच असतील तर चौकातल्या छोट्या दुकानांतून घ्या, तिथल्या ख्रिस्ती घरांचं पोट त्यावर आहे. आणि रांगेत शेजारी आपल्याकडची कोणी काम करणारी बाई असली तर तिच्याशी बोला, ती घरापासून फार लांब असते आणि नाताळच्या दिवशी तिला कोणीतरी घरचं विचारायला हवं असतं.