तो चिरक नव्हताच!

गेले आठ दिवस पहाटे कुणीतरी शीळ घालून उठवतंय. आज चहाचा कप घेऊन मागच्या अंगणात ठाणच मांडलं, आणि पठ्ठ्या दिसला. टाकीच्या कडेवर, शेपटी उभी करून, गळा फुगवून गात होता.

मी आपलं ठोकून दिलं, "चिरक!" पण दुर्बीण लावली तर पोट स्वच्छ पांढरं, पंखावरही लांबलचक पांढरा पट्टा. चिरक नराच्या पंखावर पांढरं असतं ते जेमतेम, पोट काळं आणि शेपटीखाली विटकरी रंग. म्हणजे हा दयाळ! आकारानेही थोराड, चोचीपासून शेपटीपर्यंत साधारण १९ सेंमी. मागोमाग मादी आली. नर जिथे काळा कुळकुळीत, तिथे ती राखाडी. (इतकी वर्षं मी तिला वेगळाच पक्षी समजत होतो. असो.)

भारतीय उपखंडापासून आग्नेय आशियापर्यंत हा पक्षी आढळतो. बांगलादेशाचा तर राष्ट्रीय पक्षी. त्याला विरळ झाडी, बागा, माणसांची वस्ती चालते. किडे टिपायला जमिनीवर उतरतो, घरटं मात्र झाडाच्या ढोलीत नाहीतर भिंतीच्या भोकात.

आमच्याकडे जुना पाइप काढल्यावर भिंतीला पडलेलं भोक बुजवायचं राहिलंय. मादी चोचीत काडी धरून तिथेच शिरली. गवंडी उद्या यायचा होता. त्याला फोन करून सांगितलं, आता पावसाळ्यानंतरच या.