शोकसभेची मेल

१२ एप्रिल २०१४, शनिवार. लोकसभेचं मतदान पाच दिवसांवर आलं होतं. कर्वे रस्त्यावर प्रचाराच्या रिक्षा सकाळपासून ओरडत होत्या, म्हणून मी फोन कानाला दाबून काकांचं बोलणं ऐकत होते. "अगं, उद्या सरांची शोकसभा. मी बुधवारीच सगळ्यांना मेल टाकली. एकाचाही फोन नाही. इतक्या लवकर विसरतात का गं सरांना?"

काका आमच्या माजी विद्यार्थ्यांच्या मेलिंग लिस्टवरचे सर्वांत जुने सभासद. लिस्टच्या एका पत्त्यावर मेल टाकली की ती सगळ्या सभासदांना जाते. तिचा सर्व्हर सांभाळणं हे माझ्या नोकरीतलंच एक काम.

सर्व्हरचा लॉग, म्हणजे त्याची नोंदवही, उघडला. काकांची मेल ६१२ जणांकडे रवाना झाली होती आणि चारशेहून जास्त पत्त्यांवरून परत फिरली होती. सगळीकडे कारण एकच: पाठवणाऱ्याच्या डोमेनच्या डीमार्क धोरणामुळे नाकारली. डोमेन म्हणजे पत्त्यातलं @ नंतरचं नाव, आणि डीमार्क म्हणजे त्या नावाने आलेली मेल पडताळणीत बसली नाही तर तिचं काय करायचं, हे सांगणारा नियम.

काकांचा पत्ता एका मोठ्या मोफत मेलसेवेचा. त्या सेवेने आठवड्यापूर्वी आपल्या डीएनएसमधलं, म्हणजे डोमेनच्या जाहीर नोंदींमधलं, हे धोरण 'रिजेक्ट' केलं होतं. म्हणजे सेवेचं सांगणं असं: 'आमच्या नावाची मेल पडताळणीत बसली नाही तर घेऊच नका.' खोट्या नावाने मेल पाठवणाऱ्यांना आवर घालायला हे हवंच, यात मला शंका नाही. पण लिस्टवरून येणारी खरी मेलही त्यात अडकते. एसपीएफमध्ये, म्हणजे कोणत्या डोमेनतर्फे कोणता सर्व्हर मेल पाठवू शकतो या तपासणीत, आमचा लिस्टचा सर्व्हर पास होत होता, पण आमच्या डोमेनच्या नावावर. 'फ्रॉम'मध्ये मात्र काकांचा पत्ता, आणि डीमार्कला ही दोन डोमेन जुळलेली लागतात. उरली डीकेआयएम, म्हणजे पाठवणाऱ्या सेवेने मेलवर केलेली डिजिटल सही. तीही आम्हीच मोडत होतो. विषयाआधी लिस्टचं नाव आणि मजकुराखाली सभासदत्वाच्या दोन ओळी जोडायची सोय मीच कधीतरी चालू केली होती. सही केल्यानंतर मजकुरात भर पडली की ती जुळत नाही.

मला सर्वांत लागलं ते पुढचं. परत फिरलेल्या मेलची नोंद लिस्टकडे येते, लिहिणाऱ्याला काहीच कळत नाही. आणि तो दोष मांडला जातो घेणाऱ्याच्या खात्यावर, दिवसाला एक गुण. पाच गुण झाले की त्याची मेल बंद. त्या आठवड्यात त्याच सेवेवरून कुणी ना कुणी रोज लिहिलं होतं. १४३ जणांचं सभासदत्व स्थगित झालं होतं, आणि त्यांनी काहीही केलं नव्हतं.

आमची लिस्ट चालवणारं सॉफ्टवेअर म्हणजे मेलमॅन. आधीच्या ऑक्टोबरात आलेल्या त्याच्या २.१.१६ आवृत्तीत 'फ्रॉम'च्या जागी लिस्टचा पत्ता घालायची सोय होती. दुपारभर बसून ती आवृत्ती चढवली, काकांचा पत्ता 'रिप्लाय-टू'मध्ये, म्हणजे उत्तर जिथे जातं त्या जागी, जाईल असं केलं, १४३ खाती एकेक तपासून पुन्हा सुरू केली. पत्रावर लिहिणाऱ्याचा पत्ता नसावा हे मला आजही पटत नाही. मधल्या सर्व्हरने मूळ पडताळणीचा निकाल पुढे कळवायचा, अशी एआरसी नावाची पद्धत २०१९ मध्ये आली खरी, पण त्यावर विश्वास ठेवायचा की नाही हे घेणारा सर्व्हर ठरवतो. म्हणून माझ्या लिस्टवर तो बदल अजून तसाच आहे.

सहा वाजता काकांना म्हटलं, "आता पुन्हा पाठवा." मग लॉगसमोरून हलले नाही. एकही मेल परत आली नाही.

साडेसातला काकांचा फोन आला. आवाज जड झाला होता. "अगं, मिरजेहून एकजण निघतोय. रात्रीच्या गाडीने."