हापूसचा खर्च, ओव्हरड्राफ्ट आणि कार्डाची ऑफर

देवगडात हापूसचे खरे पैसे हातात येतात एप्रिल-मेमध्ये. फवारण्या, राखणदार, पेट्या, पेंढा हा खर्च त्याच्या कितीतरी आधी सुरू होतो. आमच्या घरी तो ठेवीवरच्या ओव्हरड्राफ्टवर (ओडी) चालतो, म्हणजे बँकेतली ठेव तारण ठेवून लागतील तसे पैसे उचलायचे.

परवा धाकटे भाऊजी म्हणाले, "वहिनी, क्रेडिट कार्डावर बॅलन्स ट्रान्सफर घेऊन ओडी मिटवून टाकूया?"

मी स्पष्ट नको म्हटलं. आपल्याकडे बॅलन्स ट्रान्सफर असतो तो मुख्यतः एका कार्डाची थकबाकी दुसऱ्यावर न्यायला. खात्यात रोख घेतली तर ते कार्डावरचं कर्जच, आणि हप्ते लगेच सुरू. जानेवारीत झाडावर जेमतेम कणी, म्हणजे अगदी बारीक फळ, धरलेली असते, तेव्हा हप्ता कुठून भरायचा? थकलेल्या रकमेला कार्डाचा नेहमीचा दर लागतो. महिन्याला साडेतीन टक्के धरले तर दहा हजारांमागे ३५० रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी. आमचा ओडी ९ टक्क्यांचा, म्हणजे तेवढ्याच रकमेला महिन्याला ७५. तोही वापरलेल्या पैशांवर, रोजच्या शिलकेप्रमाणे. वाशीच्या बाजारातून पट्टी, म्हणजे विक्रीचा हिशेब आणि पैसे, आली की पैसे त्याच दिवशी खात्यात टाकायचे, व्याज तिथूनच उतरतं.

ज्यांचा पगार महिन्याला येतो आणि कार्डाचीच थकबाकी साचली आहे, त्यांनी शुल्क विचारून बॅलन्स ट्रान्सफर जरूर घ्यावा. भाऊजींना मी ओडीच्या नूतनीकरणाचे कागद घेऊन बँकेत पाठवलंय.