पोदेर, कबाय आणि संमतीपत्र

म्हापसा, शुक्रवार, रात्री

हॉटेलच्या जाहिरातीसाठी काढलेली छायाचित्रे आज सकाळी क्लायंटकडे रवाना केली आणि दुपारी शुक्रवारच्या बाजारात जाऊन स्वतःच्या कामाला लागलो. दोन्ही कामे एकाच दिवशी हातावेगळी झाल्यामुळे त्यांच्यातला फरक आज विशेष जाणवला.

जाहिरातीत पोदेर हवा होता. सायकलवर टोपली बांधून, भोंगा वाजवत दारोदार पाव आणि पोयी विकणारा हा माणूस गोव्यात सगळ्यांच्या ओळखीचा आहे. आज तो हाफ पँट आणि टी-शर्ट घालतो, टोपलीवर निळे प्लास्टिक पांघरतो आणि पुष्कळदा त्याचे मूळ गाव सीमेपलीकडे कर्नाटकात असते. क्लायंटला मात्र जुन्या काळातली गुडघ्यापर्यंतची कबाय, म्हणजे झग्यासारखा पोशाख, घातलेला पोदेर हवा होता, म्हणून त्यांनी ती शिवूनच आणली आणि प्लास्टिकच्या जागी पांढरे कापड घालायला लावले. समोर उभा राहिलेला तरुण खरोखरच रोज पाव विकणारा होता. कबाय अंगात चढवून त्याने स्वतःकडे एकदा खालपासून वर पाहिले आणि "मालकाने पाहिले तर विचारील, तियात्रात लागलास काय?" (तियात्र म्हणजे कोकणी नाटक) असे म्हणून तो मनमोकळा हसला. कापडाबाबत मात्र त्याने गंभीरपणे हरकत घेतली. कापडाखालचा पाव वाऱ्याने वातड होतो आणि गिऱ्हाईक तो परत करते, असे त्याचे म्हणणे होते. ते कोणी मनावर घेतले नाही. छायाचित्र देखणे आले, यात शंका नाही. त्यात पोदेर किती उरला, हा प्रश्न वेगळा.

तरीही या बाजारू कामाच्या बाजूने एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. त्या तरुणाने मानधनाची रक्कम घासाघीस करून वाढवून घेतली, छायाचित्र कुठे आणि किती काळ वापरले जाईल हे लिहिलेले संमतीपत्र वाचवून घेतले आणि मगच सही केली. उलट 'वैयक्तिक प्रकल्प' हा शब्द उच्चारला की आमच्या व्यवसायात पैशांची गोष्ट काढणे असभ्य मानले जाते. मिठागरातली बाई, पिवळ्या मडगार्डच्या मोटारसायकलीवरून भाड्याने प्रवासी नेणारा पायलट, माडी काढायला माडावर चढणारा रेंदेर यांना एक प्रिंट भेट द्यायची, चहा पाजायचा आणि त्यांचे चेहरे प्रदर्शनाच्या भिंतीवर लावायचे, अशी रीत पडली आहे. आपुलकी हे मानधन नव्हे, असे माझे स्पष्ट मत आहे.

बाजारात आज चोरीस, म्हणजे डुकराच्या मांसाचे मसालेदार सॉसेज, विकणाऱ्या एका बाईचे छायाचित्र घेतले. डोक्यावरच्या निळ्या ताडपत्रीतून झिरपणाऱ्या उजेडाने कातडीवर निळसर छटा येत होती, म्हणून पांढरा रिफ्लेक्टर धरून बाहेरचे ऊन तिच्या गालावर वळवावे लागले. (मिठागरात हा खटाटोप नसतो, तिथे मीठच खालून चेहरा उजळून टाकते, फक्त कॅमेऱ्यातला उजेड मोजणारा मीटर त्या पांढऱ्या रंगाला फसून चेहरा काळवंडून टाकतो, म्हणून एक्स्पोजर हाताने वाढवावे लागते.) तिच्या नखांच्या कडांमध्ये मसाल्याचा तांबडा रंग मुरलेला होता आणि माझे सगळे लक्ष त्या बोटांकडे होते. तिने मात्र पैशांचा डबा बंद केला, कानातले सरळ केले, दोन्ही हात एप्रनच्या खिशांत घातले आणि विचारले, "हांव बरी दिसतां मरे?" (मी बरी दिसते ना?) हात बाहेर काढा, असे मी म्हटले नाही.

अर्विंग पेन हा 'व्होग' मासिकाचा छायाचित्रकार. त्याने 1950 आणि 1951 मध्ये पॅरिस, लंडन आणि न्यूयॉर्क इथल्या कामगारांना त्यांच्या अवजारांसह साध्या पडद्यासमोर, दिवसाच्या उजेडात उभे केले. कामाच्याच कपड्यांत या, असे बजावूनही न्यूयॉर्कचे काही जण दाढी करून, ठेवणीतला सूट घालून हजर झाले, अशी त्याची आठवण आहे. मला ते न्यूयॉर्ककर फार जवळचे वाटतात. आपण कसे दिसावे याविषयी त्यांचे स्वतःचे म्हणणे होते, तसेच ते चोरीसवालीचे आहे. कबाय घालणाऱ्या पोदेराला तेवढे म्हणणे मांडायला मिळाले नाही, पण त्याच्या हाती कागद आणि पैसे तरी आले. दोन्ही एका माणसाला एकाच वेळी मिळायला काय हरकत आहे?

म्हणून स्वतःच्या कामासाठीही संमतीपत्र करायचे ठरवले आहे. ते मराठीत आणि देवनागरी कोकणीत असून भागणार नाही. चोरीसवालीसारख्या अनेकांना रोमी लिपीतली कोकणीच वाचायची सवय आहे, तेव्हा तोही मजकूर हवा. हॉटेलचा दर मला परवडणारा नाही. त्याऐवजी ठरावीक लहान रक्कम जागेवरच द्यावी आणि प्रदर्शनात प्रिंट विकला गेला तर त्यात वाटा द्यावा, असे कलम घालीन. वाटा किती, हे मात्र सोमवारी छापखान्यात जाण्यापूर्वी दोघा-तिघा व्यवसायबंधूंशी बोलून नक्की करायचे आहे; ते मला वेड्यात काढतील, याची तयारी आहे.