१.३ म्हणजे नापास नव्हे

"अगं, नापास झालीस की तू! एवढे पैसे घालून तिकडे जाऊन?"

परीक्षा विभागाच्या खिडकीपलीकडच्या काकांनी चष्मा कपाळावर सरकवून माझं गुणपत्रक डोळ्यांजवळ धरलं होतं. त्यावर छापलं होतं, १.३. मागे रांगेतली दोन पोरं फिस्सकन हसली. मी समजावलं, "काका, जर्मनीत १.० म्हणजे सगळ्यात वरचा क्रमांक. ४.० ला काठावर पास आणि ५.० ला नापास." काका म्हणाले, "असं कुठं असतं होय? आमचं सॉफ्टवेअर दहापैकी घेतं."

२०२४ च्या जुलैत मी बर्लिनला चार आठवड्यांचा उन्हाळी कोर्स केला. विषय शहराचा इतिहास आणि समाज, ५ ईसीटीएस (क्रेडिट मोजायची युरोपातली पद्धत) क्रेडिटचा. मी टी.वाय.ला, समाजशास्त्र. व्हिसा, विमा, तिकीट हे सगळं रडतखडत का होईना पण झालं, त्याबद्दल नेटवर ढिगानं माहिती आहे. मला लिहायचंय ते परत आल्यावरच्या आठ महिन्यांबद्दल, म्हणजे तिथले गुण आणि क्रेडिट इथल्या एका पेपरऐवजी धरून घेण्याबद्दल.

पण आधी एक. त्यांचा उन्हाळा म्हणजे आपला पावसाळा. त्यांचे कोर्स जुलै-ऑगस्टमध्ये, आणि तोवर आपलं सत्र सुरू झालेलं असतं. ७५ टक्के हजेरीचं काय, हे जाण्याआधी विचारा आणि उत्तर लेखी घ्या. मी विचारलं, उत्तर तोंडी घेतलं. "जाऊन ये, बघू आपण" हे वाक्य कुठल्याही फाइलला लावता येत नाही.

तर १.३. मी घरी बसून बव्हेरियन सूत्र (बव्हेरिया हे जर्मनीतलंच एक राज्य) शोधून काढलं. परदेशी गुणांचं जर्मन श्रेणीत रूपांतर करायला तिकडची विद्यापीठं ते वापरतात. मी ते उलटं फिरवलं. आपल्याकडे कमाल १०, उत्तीर्ण व्हायला ४, मधलं अंतर ६. तिकडे १ ते ४, अंतर ३. म्हणजे तिकडचा ०.३ चा फरक आपल्याकडे दुप्पट, ०.६. त्या हिशोबानं १.३ म्हणजे ९.४. नीट टाइप करून कागद नेला. काका म्हणाले, "बव्हेरिया कुठं आलं यात? तू बर्लिनला गेलीवतीस ना?"

त्यांचंही चूक नव्हतं म्हणा. गुणपत्रकावर श्रेणींचा तक्ताच नव्हता. तो मागायला मी मेल केला, तर उत्तर आलं की संबंधित व्यक्ती तीन आठवडे रजेवर. ऑगस्टमध्ये तिकडं कुणी जागेवर सापडत नाही. तेव्हा तिथं असतानाच, शेवटच्या आठवड्यात, तक्ता छापलेलं गुणपत्रक मागून घ्या. आणि कागदी प्रत, गोल शिक्का आणि सीलबंद पाकीटही. मला पीडीएफ आली होती. पीडीएफला शिक्का नाही म्हणून ती "झेरॉक्स" ठरली. पाकीट टपालानं यायला सप्टेंबर संपला.

पाकीट आलं, तक्ता आला, ९.४ मान्य झालं. मी पेढे आणायच्या बेतात होते. तेवढ्यात काकांनी अभ्यासक्रमाच्या शेवटच्या पानावरची तळटीप वाचली. हा माणूस सगळं वाचतो. तिथं लिहिलं होतं : ६० अध्यापन तासिका, एक तासिका ४५ मिनिटांची. काकांनी कॅल्क्युलेटर काढला. साठ गुणिले पंचेचाळीस भागिले साठ, झाले पंचेचाळीस तास. आपल्याकडे पंधरा तासाला एक क्रेडिट. "तीन बसतात. तुझा पेपर चारचा आहे."

मी म्हटलं, "काका, आपल्या कॉलेजचा तास तरी कुठं साठ मिनिटांचा आहे? अठ्ठेचाळीसचा आहे." बाहेर भिंतीवरच वेळापत्रक लावलेलं होतं. काकांनी ते मान वाकडी करून पाहिलं आणि म्हणाले, "ते वेगळं." फाइल समकक्षता समितीकडे गेली. समितीची बैठक कधी, तर सगळे सदस्य जमतील तेव्हा. ऑक्टोबर गेला, दिवाळी गेली. मी दर सोमवारी खिडकीशी जायचे. शेवटी शेवटी काका मला दुरून पाहूनच मान हलवायचे.

बर्लिनमध्ये एका दुपारी मी मुद्दाम शहराच्या डालेम भागात गेले होते. तिथल्या इनेश्ट्रासे २२ या इमारतीत पूर्वी कैसर विल्हेल्म मानववंशशास्त्र संस्था होती. १९२०च्या दशकाच्या शेवटी इरावती कर्वे तिथं पीएच.डी.साठी कवट्या मोजत होत्या, आणि त्यांच्या मार्गदर्शकाचा, ऑयगेन फिशरचा, वंशाबद्दलचा दावा त्या मोजमापातून सिद्ध होत नाही असा निष्कर्ष त्यांनी काढला. त्या सोमवारांना मला ती इमारत फार आठवायची. बाईंना कुणी तासिकांची मिनिटं विचारली नसणार.

गाठ सोडवली ती आमच्या विभागप्रमुख मॅडमनी. त्या म्हणाल्या, तू वर्गातले तास मोजतेयस आणि ईसीटीएस मोजतं विद्यार्थ्याचे सगळे कष्ट. एक ईसीटीएस म्हणजे २५ ते ३० तास, त्यात वाचन, निबंध, परीक्षेची तयारी सगळं आलं. पाच म्हणजे १२५ ते १५०. आणि आपल्या २०२३ च्या राष्ट्रीय क्रेडिट आराखड्यात वर्षाला १२०० तास आणि ४० क्रेडिट धरलेत, म्हणजे तीस तासांना एक. कमीत कमी धरलं तरी चारच्या वर जातात. अर्ध्या पानाचं हे पत्र डिसेंबरच्या बैठकीत दहा मिनिटांत मंजूर झालं. इतके महिने मी मिनिटांवरून भांडत होते, आणि भांडण मुळात मिनिटांचं नव्हतंच. राग काकांचा होता, पण थोडा माझाही आला.

त्यानंतर ॲकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्समध्ये, म्हणजे विद्यार्थ्याची क्रेडिट जमा होतात त्या सरकारी ऑनलाइन खात्यात, नोंद व्हायला मार्च उजाडला. परदेशी विद्यापीठ तिथं परस्पर काही टाकत नाही. आपल्याच संस्थेला टाकावं लागतं, म्हणजे पुन्हा तीच खिडकी.

हो, राहिलंच. तिकडं महिन्याचा डॉइचलांड-टिकेट, म्हणजे जर्मनीभरच्या लोकल गाड्या-बसचा आपोआप पुढे चालू राहणारा पास, काढलात (तेव्हा ४९ युरोला होता), तर त्याच महिन्याच्या दहा तारखेच्या आत रद्द करा. नाहीतर पुढच्या महिन्याचे पैसे तुम्ही पुण्यात बसून भराल. मी भरले. आणि अभ्यासक्रमाची प्रत तासिकांसकट नाही, एकूण अभ्यासतासांसकट मागा. तळटीप काका वाचतातच.

परवा एस.वाय.च्या एका मुलीचा फोन आला. तिला व्हिएन्नाला जायचंय. म्हणाली, "ताई, ऑफिसातल्या काकांनी तुमचा नंबर दिला. नाव नाही आठवलं त्यांना. म्हणाले, ती उलट्या मार्कांची मुलगी आहे ना, तिला विचार. आणि म्हणाले, जायच्या आधी पत्र घेऊन ये."