दोन वेगळे माइक, मधोमध स्नेअर : आमच्या स्टुडिओची वाटचाल

२०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेचं पाणी कोल्हापुरात शाहूपुरीतल्या कुंभार गल्लीत शिरलं, तेव्हा आमचा स्टुडिओ तिथून जवळच तळमजल्यावर होता. मी, धाकटा भाऊ आणि शेजारचे दोघं, चौघांनी मिळून हाताला लागेल ते वर नेलं. कॉम्प्युटर वाचला, इंटरफेस (माइकचा आवाज कॉम्प्युटरमध्ये नेणारा डबा) वाचला. ड्रमवर लावलेले दोन पेन्सिल कंडेन्सर (पेन्सिलसारखे बारीक, बारकावे टिपणारे) माइक मात्र स्टँडवरच राहिले. पाणी ओसरल्यावर एक कोरडा सापडला. दुसऱ्याचा स्टँड आडवा झाला होता, माइक चिखलात. कंपनीनंच मोजून जुळवलेली जोडी होती ती. भजनी मंडळं आणि निवडणुकीची प्रचारगीतं रेकॉर्ड करून साठवलेल्या पैशांतून घेतलेली.

त्यानंतर आम्ही राजारामपुरीत पहिल्या मजल्यावर आलो. डिपॉझिटमध्ये होते नव्हते तेवढे पैसे गेले. भिंतींना आईनं शिवलेल्या वाकळा टांगल्या (त्या आजही आहेत, आवाज फार छान शोषतात). नवी जोडी घेणं शक्यच नव्हतं. उरलेला पेन्सिल एका बाजूला आणि गाण्यासाठी वापरायचा तो मोठ्या डायफ्रामचा (आवाजानं थरथरणाऱ्या पडद्याचा) कंडेन्सर दुसऱ्या बाजूला, असे ओव्हरहेड (ड्रमच्या संचावर, म्हणजे किटवर, वरून) लावून काम सुरू केलं.

पहिलंच मोठं काम इचलकरंजीच्या पोरांच्या बँडचं. हेडफोनवर सगळं भरीव वाटत होतं. चार दिवसांनी ड्रमर आला आणि मोबाइलच्या स्पीकरवर गाणं लावून म्हणाला, "दादा, स्नेअर डबड्यातनं वाजल्यागत वाटतंय. आणि सिम्बल कुठं गेल्या?" स्नेअर म्हणजे किटमधला कडक वाजणारा ड्रम, सिम्बल म्हणजे धातूच्या थाळ्या. त्याचं खरं होतं. मी पैसे न घेता ड्रम पुन्हा रेकॉर्ड करायचं कबूल केलं आणि आठवडाभर रात्री किटसमोर बसलो.

दोष माइक वेगळे असण्याचा कमी आणि माझ्या लावण्याचा जास्त होता. दोन्ही माइक मी छतापासून मोजून सारख्या उंचीवर लावले होते. मोजायला हवं होतं स्नेअरपासून. आवाज एका मिलिसेकंदात साधारण ३४ सेंटिमीटर जातो. एक माइक स्नेअरपासून १७ सेंटिमीटर जास्त लांब असेल, तर त्याच्याकडे आवाज अर्धा मिलिसेकंद उशिरा पोचतो. दोन्ही एकत्र आले की १००० हर्ट्झच्या आसपासचा आवाज एकमेकाला खातो. डावं-उजवं वेगळं ऐकवणाऱ्या स्टिरिओत हे लपतं, मोबाइलच्या एका स्पीकरवर उघडं पडतं.

मग सुतळी घेतली. एक टोक स्नेअरच्या मध्यावर धरायचं, दुसरं माइकच्या जाळीपर्यंत ताणायचं, तिथं गाठ मारायची आणि त्याच गाठीला दुसरा माइक आणायचा. पुढचं काम गेनचं, म्हणजे माइकचा आवाज किती वाढवायचा त्याचं. दोन माइकची संवेदनशीलता वेगळी, त्यामुळे नॉब सारख्या आकड्यावर ठेवून चालत नाही. ड्रमरला फक्त स्नेअर वाजवायला सांगायचं आणि तो डोक्याच्या मधोमध ऐकू येईपर्यंत एकच गेन हलवायचा. मीटरकडे बघायचं नाही.

कुठला माइक कुठल्या बाजूला, यावर माझी आणि भावाची बरीच वादावादी झाली. मी पेन्सिल हायहॅटकडे (पायानं उघडमिट होणारी सिम्बलची जोडी) लावत होतो आणि हायहॅट कानाला टोचत होती. भावानं अदलाबदल करून दाखवली. मोठ्या माइकनं हायहॅट मऊ झाली आणि पेन्सिलनं राईडचा (पलीकडच्या मोठ्या सिम्बलचा) एकेक ठोका सुटा ऐकवला. फ्लोअर टॉमला (जमिनीवर उभ्या मोठ्या ड्रमला) स्वतःचा माइक असतोच, त्यामुळे तिकडं काही कमी पडलं नाही. इचलकरंजीच्या पोरांचं रेकॉर्डिंग याच मांडणीत पुन्हा केलं.

आता आमची सगळ्यात लाडकी रीत मिड-साइडची आहे: एक माइक समोरचं ऐकतो, दुसरा दोन्ही बाजूंचं. आमचा मोठा माइक आठच्या आकाराच्या पॅटर्नवर चालतो, म्हणजे पुढून आणि मागून ऐकतो, कुशीकडून नाही. तो किटकडे कुशी करून ठेवायचा, म्हणजे डावं-उजवं तेवढं ऐकतो. पेन्सिल त्याच्या डोक्यावर, थेट किटकडे तोंड करून. दोन्ही कॅप्सूल (माइकमधले आवाज टिपणारे भाग) एकाच उभ्या रेषेत हव्यात. त्यासाठीची पट्टी उद्यमनगरातल्या एका लेथवाल्या काकांनी बनवून दिली, दोन्ही क्लॅम्प बसतील असे आटे पाडून. मोठ्याचा ट्रॅक दोनदा घ्यायचा, एकाची पोलॅरिटी उलटी करायची (त्याची लहर वरची खाली, खालची वर), एक डावीकडं आणि एक उजवीकडं, पेन्सिल मधोमध. दोन्ही बाजूंना दोन्ही माइक मिसळलेले असल्यामुळे इथं जुळ्या माइकची गरजच राहत नाही. मोनो केलं (डावं-उजवं एकत्र केलं) की ते दोन ट्रॅक एकमेकाला पुसून टाकतात आणि पेन्सिलचा आवाज अखंड उरतो. किट फार रुंद पसरलेलं हवं असेल, तर मी अजूनही सुतळीच काढतो. हलगीच्या ताफ्याला मात्र मिड-साइडच. वाजवणारे हलले तरी मोनोत आवाज पोकळ होत नाही.

पावसाळ्यात दोन्ही माइक सिलिका जेल टाकलेल्या डब्यात असतात आणि डबा माळ्यावर.

मिक्स झाला की पेन ड्राइव्ह घेऊन मी आधी चुलतभावाकडे जातो. ऊस वाहायच्या त्याच्या ट्रॅक्टरवर एकच भोंगा आहे. तो इंजिन चालू करतो, गाणं लावतो आणि मी रस्त्याच्या पलीकडे उभा राहून हायहॅट ऐकतो.