नदीतून घरी

दिवाळीला स्वित्झर्लंडहून बडोद्याला आलो होतो, तेव्हा दांडिया बाजारातल्या ओट्यावर नानाकाकांनी विचारलं, "तिकडे ऑफिस सुटल्यावर करतोस काय?" म्हटलं, उन्हाळ्यात नदीत उतरतो आणि वाहत वाहत घराकडे येतो. काकूला धसका बसला की ती गुजरातीत शिरते. "गांडो थयो छे के शुं?" म्हणजे, वेडा झालास की काय?

तिचं चूक नाही. विश्वामित्रीकाठी वाढलेल्या माणसाला नदी म्हणजे पुलावरून बघायची गोष्ट. शाळेतून येताना काळ्या घोड्याजवळच्या पुलावर सायकली टेकवून आम्ही मगर शोधायचो. काठावरचा ओंडका हलला, की तो ओंडका नव्हे. 2024च्या ऑगस्टमधल्या पुरात तर मगरीच आपल्याला बघायला सोसायट्यांमध्ये आल्या होत्या. नदीत मगरी, म्हणून पोहायला शिकलो ते लालबागच्या स्विमिंग पुलात, सकाळच्या बॅचला, नाकात क्लोरीन जाऊ देत.

मी राहतो त्या बर्नमध्ये नदी गावाच्या मधून जात नाही, गावच नदीच्या कुशीत बसलंय. आरे तिचं नाव. (गोरेगावच्या आरेशी संबंध नाही, हे मला दर वेळी सांगावं लागतं.) आल्प्समधल्या हिमनद्यांतून निघते, ब्रिएंझ आणि थुन ही दोन सरोवरं ओलांडून येते आणि जुन्या शहराला तिन्ही बाजूंनी वळसा घालते. भर जुलैतसुद्धा पाणी अठरा-वीस अंशांच्या आसपास. पहिल्यांदा उतरलो तेव्हा श्वास छातीतच अडकला.

पद्धत अशी. स्विस संसदेच्या अगदी पायथ्याशी मार्झिली नावाचं हिरवळीचं मोठं मैदान आहे. प्रवेश फुकट. कपडे, फोन, किल्ल्या एका वॉटरप्रूफ पिशवीत भरायच्या, तोंड वळकटीसारखं गुंडाळून बंद करायचं. मग काठाकाठानं उलट्या दिशेनं, आइखहोल्ट्सपर्यंत अनवाणी चालत जायचं आणि पाण्यात शिरायचं. हातपाय मारावे लागत नाहीत, नदीच नेते. बँकेतला साहेब, कॉलेजची पोरं, साठी उलटलेल्या आज्या, सगळ्यांची डोकी शेजारी शेजारी. डोकं पाण्याखाली घातलं की तळाचे गोटे एकमेकांवर घासत जातानाची बारीक किणकिण ऐकू येते. मला सगळ्यात आवडतं ते हेच.

पोहायला येणं वेगळं आणि नदीतून बाहेर पडता येणं वेगळं, हे मला लालबागेत कुणी शिकवलं नव्हतं. काठाला थोड्या थोड्या अंतरावर पायऱ्या आणि लाल लोखंडी दांडे आहेत. आधीपासून काठाजवळ सरकायचं, दांडा दिसला की धरायचा. खाली पुढे बांध आहे, तिथवर जायचंच नाही. मी पहिल्याच दिवशी संसदेचा घुमट बघत राहिलो आणि दांडा हातातून निसटला. पुढचा मिळाला, पण खांदा आठवडाभर दुखत होता. ऑफिसातली जी बाई मला घेऊन गेली होती ती ओरडली नाही. शांतपणे म्हणाली, "घुमट काठावरूनही दिसतो." इथे शिट्टी मारून बोलावणारं कोणी नसतं. कधी निघायचं ते आपलं आपण ठरवायचं.

बाकी रविवारी डोंगर. पिवळ्या पाट्यांवर किलोमीटर नसतात, वेळ लिहिलेली असते: अमुक ठिकाण, 1 तास 20 मिनिटं. ही वेळ बहुधा इथल्याच पायांसाठी काढलेली असावी, मी त्यात अर्धी आणखी घालतो. लहानपणी पावागडाच्या पायऱ्या चढताना दर वळणावर लिंबूपाणी मिळायचं, इथे ती सोय नाही. हिवाळ्यात गुर्टेन टेकडीवरून घसरगाडीवर एकदा बसलो. त्याबद्दल बोलायचं नाही.

नानाकाकांना मात्र आवडलं ते श्विंगेन. ही इथली कुस्ती, लाकडाच्या भुशात खेळतात. रोजच्या कपड्यांवर तागाची आखूड चड्डी चढवायची आणि एकमेकांची तीच चड्डी पकडून डाव टाकायचे. तीन वर्षांनी एकदा होणाऱ्या राष्ट्रीय स्पर्धेत विजेत्याला बक्षीस म्हणून चक्क वळू मिळतो. आणि कुस्ती संपली, की जिंकलेला पैलवान हरलेल्याच्या पाठीवरचा भुसा स्वतःच्या हातानं झटकतो. नानाकाका जुम्मादादा व्यायाम मंदिरात मल्लखांब केलेले. ऐकून थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "माती असो नाहीतर भुसा, तालमीची रीत आहे ही."

काकू अजून नदीतच होती. "पण मगरी नाहीत ना रे तिथे?"

"मगरी नाहीत," मी म्हटलं. "अस्वलं आहेत."

खरंच आहेत. अस्वल हे बर्नचं चिन्ह, आणि 2009पासून आरेच्या उतारावरच त्यांना मोठी बंदिस्त जागा करून दिली आहे, डुंबायला हौदासकट. माणसं पोहतात त्या मार्झिलीपासून लांब, जुन्या शहराच्या पार दुसऱ्या टोकाला. पण हे सगळं सांगेपर्यंत काकू आत गेली होती. बाहेर आली ती मुठीत मीठमोहऱ्या घेऊन.